नमुना सात, रावपुरा

कढीपत्त्याच्या बुंध्याशी मी उकिडवी बसले
आणि यंत्र काही बोलेना.
दहा मिनिटांत तीन टकटक.
तेवढ्या तर जिन्यातही आल्या होत्या.

शैलजाबेन मागून म्हणाल्या, "काही नाही ना?
सासरे इथे नुसते ब्रश धुवायचे."

भास्करराव पोतनीस, घड्याळांच्या डायलवाले.
मिलिटरीची घड्याळं, रेल्वेची,
एका डॉक्टरांचं, अंधारात नाडी मोजायचं.
जुना रंग खरवडायचा, बशी विसळायची,
पाणी परसात.
खारीच्या केसांचा ब्रश होता म्हणे.
त्याला टोक कशाने काढायचे ते मी विचारलं नाही.
भिंतीवरच्या फोटोत त्यांनी
हनुवटीवर हात धरलाय.

मी "काही नाही" असं लिहीत नाही.
रकान्यात लिहिते: ओली.

अल्फाचा पल्ला तो केवढा!
हवेत चार बोटं,
पाण्यात केसाच्या जाडीइतकाही नाही.
बाई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत आल्या, चाळीस वर्षं,
आणि तेवढ्या ओलीत प्रत्येक कण
सुटला तिथेच विझला.
झाड मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलंय.

"तवा देऊ? दोन मिनिटांत सुकेल."
नको बेन. तवा तुमचा, पोळ्या तुमच्या.

इरफानने गॅलरीतून वायर ओढली,
गाडीच्या मागच्या फळीवर दिवा लावला,
चपट्या थाळीत मातीचा पातळ थर.
मास्क लावला. ओली माती गप्प असते,
कोरडी उडते.
वाट बघायची. घाई करून चालत नाही:
प्रोबच्या तोंडावरचा पडदा
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
वाफ धरली तर आंधळा, खडा लागला तर फाटला.
गेल्या महिन्यात पादऱ्याला
गवताची एक काडी टोचली
आणि यंत्र दिवसभर ऊन मोजत बसलं.

तेवढ्यात पोहे आले. दोन बशा,
वर शेव, डाळिंबाचे दाणे,
आणि फोडणीत तडतडलेली हिरवी पानं.

मी पानं एकेक करून कडेला लावली.
इरफानने माझ्याकडे बघून बशीच खाली ठेवली.
शैलजाबेन दारात उभ्या होत्या.
त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

सव्वा दोन तासांनी माती पिठासारखी झाली.
दोन मिलिमीटर वर प्रोब धरला,
हात हलू नये म्हणून श्वासही बेतानेच.
टक.
टकटक.
मग चुरमुरे भाजावेत तसा आवाज.
दहा मिनिटांत दोनशे बारा.

पडद्याआड जस्त-गंधकाची भुकटी असते.
कण आदळला की एक ठिणगी,
ती यंत्र मोजतं.
भास्कररावांच्या रंगातही हीच भुकटी होती,
रेडियममध्ये कालवलेली.
त्यांची भुकटी थकली, काटे काळे पडले,
लोकांनी घड्याळं माळ्यावर टाकली.
रेडियम थकलं नाही.
परसात, ओलीखाली, ते अजून
कुणाचीतरी रात्र उजळायला निघालेलं आहे,
आणि आज कितीतरी वर्षांनी त्याला
भुकटी भेटली. माझ्या हातातली.

हे मी अहवालात लिहिणार नाही.
अहवालात: झाड मुळासकट काढावे,
दोन फूट माती उचलावी, नळ बंद.

"आणि मी आमटीत घालत आले ती पानं?"

मला माहीत नाही, बेन.
मी नवी पिशवी उघडली,
कडेला लावलेली पानं नाही,
झाडावरची, ताजी, मूठभर तोडली.
बोटांना वास राहिला, हातमोज्यातूनही.
चिठ्ठी लावली: नमुना आठ.
ही पानंही आधी वाळवावी लागतील.

बशा उचलताना त्यांनी विचारलं, किती वाजले.
माझ्या मनगटाकडे बघत.